आजारपणाचा खर्च : संचय आणि विमा

ग्रामीण कुटुंबावर येणाऱ्या आपत्तींपैकी आजारपण ही एक मोठी आपत्ती होय. नापिकीची चाहूल काही दिवस आधी लागते. आजार मात्र पूर्वसूचना देत नाही. औषधोपचारासाठी बैल विकला जातो, शेत गहाण पडते आणि पुष्कळदा मुलाचे नाव शाळेच्या पटावरून कमी होते. म्हणून हा विषय शिक्षकाच्या कार्यक्षेत्राबाहेरचा मानता येत नाही.

अशा खर्चाची तरतूद करण्याचे मुख्य मार्ग दोन : एक संचय, दुसरा विमा. संचयात प्रत्येक कुटुंब आपल्यापुरती रक्कम बाजूस ठेवते. विम्यात अनेक कुटुंबे थोडे थोडे एकत्र करतात व ज्याच्यावर प्रसंग येईल त्याचा भार त्या निधीतून उचलला जातो.

एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. समजा, गावातील १०० कुटुंबे दरवर्षी प्रत्येकी २०० रुपये बाजूस ठेवतात. एखाद्या घरी शस्त्रक्रियेसाठी १५,००० रुपये लागले, तर एकट्याच्या संचयातून ती रक्कम उभी राहण्यास ७५ वर्षे लागतील. तेच पैसे एकत्र केल्यास एका वर्षात २०,००० रुपये जमतात. शस्त्रक्रियेचा खर्च भागून ५,००० रुपये उरतात. सर्वांवर एकाच वर्षी मोठा आजार येत नाही, हेच विम्याचे मूळ तत्त्व होय. वरच्या वर्गांत हे गणित फळ्यावर अवश्य करून घ्यावे.

या तत्त्वाचा उत्तम पाठ वर्धा जिल्ह्यातच मिळतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आश्रयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपाने आरोग्यविमा सुरू झाला. या कार्यात डॉ. उल्हास जाजू यांचा पुढाकार होता. सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या घरी धान्य असते, रोकड नसते. म्हणून वर्गणी ज्वारीत घेतली गेली. भूमिहीनाने थोडी द्यावी, जमीनदाराने जमिनीच्या मानाने अधिक द्यावी. उपचार मात्र सर्वांना समान, असा दंडक होता. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाल्यावाचून योजना लागू होत नसे. हा नियम अर्थपूर्ण आहे. केवळ आजारी माणसेच वर्गणी देऊ लागली, तर निधी लवकरच रिता होईल. अकस्मात येणाऱ्या आजाराला पूर्ण आधार आणि आधी कल्पना असलेल्या उपचाराला अंशतः आधार, असा विवेकही तेथे केला गेला.

संचय व विमा यांची सीमारेषा हीच आहे. चष्मा, दातांचे उपचार, नेहमीची औषधे असे ठाऊक असलेले खर्च संचयातून भागवावेत. अवचित येणारा मोठा खर्च विम्यावर सोपवावा. सिंगापूर देशात १९८४ पासून पगारातील ठराविक भाग प्रत्येकाच्या वैद्यकीय बचत खात्यात जमा होतो. न वापरलेली रक्कम खातेदाराचीच राहते, हा त्याचा गुण. पण ज्याचे उत्पन्न अल्प त्याचा संचयही अल्प, ही त्याची मर्यादा. म्हणून त्या देशालाही पुढे मोठ्या आजारांसाठी विम्याची जोड द्यावी लागली.

महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा ज्योतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली आरंभ झालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली असून प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. येथे कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. परंतु उपचार योजनेच्या सूचीत असावा लागतो व रुग्णालय अंगीकृत असावे लागते. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र मार्गदर्शन करतो. किरकोळ दुखण्याची औषधे सामान्यतः यात येत नाहीत; त्यासाठी घरचा संचय हवाच.

विमा कंपनीकडून पॉलिसी घ्यावयाची झाल्यास चार गोष्टी पाहाव्यात. विम्याची रक्कम प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र आहे की साऱ्या कुटुंबात मिळून? आधीपासूनच्या आजाराला किती काळ थांबावे लागेल? खोलीभाड्यास मर्यादा आहे काय? बिलाचा काही हिस्सा स्वतः भरावा लागतो काय? केवळ हप्ता कमी म्हणून पॉलिसी चांगली ठरत नाही. अर्ज भरताना जुना आजार लपविणे तर सर्वथा अहितकारक. पुढे दावा नाकारला जाण्याचे ते प्रबळ कारण ठरते.

शिक्षकांनी पालकसभेत या विषयासाठी काही वेळ राखून ठेवावा. शिधापत्रिका व आधारपत्र यांवरील नावे जुळतात की नाहीत, आयुष्मान कार्ड काढले आहे की नाही, एवढी विचारपूस जरी आधी झाली, तरी ऐन आजारपणातील धावपळ वाचेल. कागद प्रकृती चांगली असतानाच तयार करावयाचे असतात, हे पालकांच्या मनावर बिंबले, तर एखाद्या घरचे शेत गहाण पडण्यापासून वाचेल आणि त्या घरचे मूलही शाळेत टिकेल.