विवाहोत्तर नामांतर आणि ओळखीचे दस्तऐवज

मराठी व्यक्तीचे नाव सामान्यतः तीन पदांचे असते: स्वतःचे नाव, पित्याचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव. ताटातील तांदळांत वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल ज्या कुटुंबांत अद्यापि पाळली जाते, तेथे ही तीनही पदे एका दिवसात पालटतात. कुमुद विष्णू साठे अशा कल्पित नावाची पदवीधर स्त्री विवाहानंतर माधवी श्रीधर आपटे झाली, तर दोन्ही नावांत एकही शब्द समान उरत नाही. पदवीपत्र एकीचे आणि ओळखपत्र दुसरीचे, अशी शंका तपासणी करणाऱ्या लेखनिकास आली, तर त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा का उद्भवला नाही, याचे उत्तर सोपे आहे. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. परंतु त्यांचे शिक्षण मुख्यतः विवाहानंतरचे असल्यामुळे १८८६ साली अमेरिकेत मिळालेली वैद्यकाची पदवी सासरच्याच नावाने मिळाली. आजची विद्यार्थिनी आधी शिकते व नंतर विवाह करते. प्रश्नाचे मूळ या क्रमात आहे.

पत्नीने नाव बदललेच पाहिजे, असा कोणताही कायदा आपल्याकडे नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. पुष्कळ मुलींना ही गोष्ट कोणी सांगतच नाही! ज्यांना नामांतर करावयाचे आहे, त्यांनी दस्तऐवजांचे दोन वर्ग मनाशी स्पष्ट करावेत. जन्मदाखला, शालान्त प्रमाणपत्र व पदवीपत्र ही घडून गेलेल्या गोष्टींची नोंद होय. परीक्षा कुमुद साठे हिनेच दिली होती, म्हणून ही पत्रे सामान्यतः जशीच्या तशी ठेवावीत. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पारपत्र आणि बँकेचे खाते ही मात्र आजच्या व्यक्तीची ओळख पटवितात. त्यांत बदल करावयाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली जिग्या यादव प्रकरणात नोंदीतील चुकीची दुरुस्ती आणि स्वेच्छेने केलेला नावातील बदल यांत भेद केला आहे, तोही या संदर्भात अभ्यसनीय आहे.

या दोन वर्गांना जोडणारा दुवा म्हणजे विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र. तथापि त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. ते विवाह सिद्ध करते. त्यावरून पतीचे नाव व आडनाव जुळविता येते. कुमुदची माधवी झाली, हे मात्र केवळ विवाहाच्या घटनेवरून सिद्ध होत नाही. म्हणून पहिले नावही बदलले असल्यास प्रतिज्ञापत्रासह महाराष्ट्र शासन राजपत्रात नामांतर प्रसिद्ध करून घ्यावे आणि त्या अंकाच्या प्रती जन्मभर जपून ठेवाव्यात.

यानंतर आधार. त्यातील नाव बदलण्याची संधी सामान्यतः दोनदाच मिळते. सबब नव्या नावाची अक्षरे, विशेषतः रोमन लिपीतील, आधी निश्चित करावीत. नंतर पॅन घ्यावे. त्याचा क्रमांक बदलत नाही, परंतु आधारवरील नावाशी मेळ नसेल तर जोडणी अडते. मतदारयादीसाठी नमुना क्रमांक ८ भरावा लागतो. पारपत्रावर खाडाखोड होत नाही, नवी पुस्तिकाच घ्यावी लागते; म्हणून परदेशी परिषदेचा प्रवास तोंडावर असता हे काम काढू नये.

आरक्षणाचा लाभ घेणाऱ्या विद्यार्थिनींच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार आढळतो. विवाहाने जात बदलत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सुनीता सिंग प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. जातीचा दाखला व त्याची वैधता पित्याच्या घराण्यातील पुराव्यांवर ठरते, म्हणून तो सासरच्या नावाने नव्याने काढण्याची खटपट व्यर्थ होय. अर्जासोबत दुव्याची कागदपत्रे जोडावीत, एवढे पुरे.

शोधनिबंधांचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथे कोणताही शासकीय नियम लागू नाही. माहेरच्या नावाने प्रसिद्ध झालेले लेखन त्याच नावाने ग्रंथसूचीत राहते. २०१२ पासून उपलब्ध असलेला ऑर्किड हा १६ अंकी क्रमांक दोन्ही नावांचे लेखन एका व्यक्तीकडे वळवितो. मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर एकच, हे वाचकांस कर्णोपकर्णी कळले, तशी वाट पाहण्याचे कारण आता नाही.

घटस्फोटानंतर पूर्वीचे नाव पुन्हा धारण करावयाचे असल्यास हीच वाट उलट दिशेने चालावी लागते. न्यायालयाचा हुकूमनामा आणि राजपत्र हे त्या वेळचे दुवे. आणि आधारमधील दुसरी संधी तेथे खर्ची पडते.