आधी सेट घेऊ नका

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संवादाचं, नाव निघालं की नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, "कुठला सेट घेऊ?" आणि उत्तर मिळायच्या आत चिनी हँडसेट ऑनलाइन मागवून मोकळाही होतो. सेट हातात आला, आता बोलायला हरकत नाही, हा त्याचा गैरसमज. परवान्याशिवाय त्यावर बोलणं बेकायदा आहे. परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, परीक्षा घेऊन. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. वयाची 12 वर्षं पूर्ण झालेली असली की बसता येतं. मोर्स कोडचा धसकाही विनाकारण. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, तो जनरल ग्रेडला लागतो.

दुसरी समजूत अशी, की या हँडसेटवरून थेट अमेरिका गाठता येते. पण हा सेट ज्यांवर चालतो, त्या 144 ते 146 मेगाहर्ट्‌झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. घरातून शेजारचं गाव न ऐकणारा सेट सिंहगडावर नेला की पुणं ऐकू लागतो. अंतराळ स्थानक 400 किलोमीटरवर, पण वाटेत डोंगर नाही, त्यामुळे डोक्यावरून जाताना त्याचा आवाज याच सेटवर येऊ शकतो.

लांबचं बोलायचं तर 7 मेगाहर्ट्‌झसारखा बँड हवा. तिथे लहरी आयनांबरावरून परततात. मग मोठा टॉवर लागत असेल? छे! वीस मीटर वायर मधोमध तोडायची, तिथे कोॲक्स केबल जोडायची, मधला भाग गच्चीवरच्या बांबूला टांगायचा आणि दोन्ही टोकं नायलॉन दोरीनं कठड्याला ताणायची. झाला डायपोल. सेटही घरी बनतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी 2003 मध्ये मांडलेल्या बिटएक्स या सेटची कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली होती. ताकद जेमतेम सहा वॅट, तरी त्यावर परदेशी संपर्क झाले.

मोबाइल आल्यावर हे कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी डिसेंबर 2004 चं अंदमान. भारती प्रसाद यांचा चमू हौसेच्या संपर्कांसाठी पोर्ट ब्लेअरला गेला होता. त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि त्याच सेटवरून लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले.

एरवी मात्र एवढं थरारक काही नसतं. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत. मग उरतं काय? "सिग्नल फाइव्ह नाइन, तुमच्याकडे पाऊस आहे का, आणि अँटेना कुठली?" शेवटच्या प्रश्नावर अर्धा तास सहज जातो.