डॅनिश बोलीतले अडीच आणि औट

कोपनहेगनच्या बेकरीत इंग्रजीत मागितलेली कॉफी बिनबोभाट मिळते. डेन्मार्कमध्ये शाळेतच इंग्रजी पक्की होते, त्यामुळे हॉटेल, संग्रहालय, मेट्रो कुठेच पाहुण्याचे अडत नाही. तरीही जाण्यापूर्वी थोडी डॅनिश कानावर घालून घ्यावी. दुकानांच्या पाट्या, रस्त्यांची नावे आणि गल्ल्यावर गिऱ्हाइकांना सांगितले जाणारे भाव डॅनिशमध्येच असतात. शिवाय मराठी माणसाला या भाषेत जी सोय आहे, ती इंग्रजी माणसाला नाही.

सुरुवात सोपी आहे. भेटल्यावर ‘हाय’, निघताना ‘हाय हाय’. होकाराला ‘या’ आणि नकाराला चक्क ‘नाय’, अगदी कोकणातल्यासारखा. प्रश्नच नकारार्थी असेल, म्हणजे ‘तुम्हाला कॉफी नको का?’ असे कोणी विचारले आणि कॉफी हवी असेल, तर मात्र ‘या’ न म्हणता ‘यो’ म्हणायचे. गर्दीत धक्का लागला किंवा कुणाला थांबवून रस्ता विचारायचा असला, तर ‘उन्स्क्यूल’, म्हणजे ‘माफ करा’.

सगळ्यांत कामाचा शब्द ‘टाक’, म्हणजे आभार. त्यातला ‘आ’ आखूड आणि झटकन उच्चारायचा. इंग्रजीतल्या ‘प्लीज’ला डॅनिशमध्ये एका शब्दाचा सरळ पर्याय नाही. मराठीत ‘कृपया’ पाटीवर राहते आणि बोलताना ‘जरा पाणी देता का’ एवढ्यात आर्जव येते. डॅनिशमध्ये ते काम ‘टाक’ करतो. ‘एन काफे, टाक’ म्हटले की एक कॉफी मागून झाली आणि सभ्यताही पाळली गेली. फारच उपकार झाले तर ‘टूसिन टाक’, हजार आभार. त्यावर उत्तर येते ‘सेल टाक’.

आदरार्थी सर्वनामाची चिंता नको. ‘दी’ हे मानाचे रूप भाषेत आहे, पण गेल्या अर्धशतकात ते रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेले. राजघराण्यातल्या व्यक्तींशी बोलताना किंवा अतिऔपचारिक पत्रात ते दिसते. एरवी शिक्षक, डॉक्टर, साहेब सगळ्यांना ‘दू’. वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करणाऱ्यांची जीभ इथे अडखळते, पण ‘दू’ म्हटल्याने तिथे कुणाचाही अवमान होत नाही.

उच्चार मात्र परीक्षा पाहतात. लिहिलेली कितीतरी अक्षरे बोलताना गळतात, आणि शब्दातला ‘द’ पुष्कळदा जीभ दातांमागे सैल ठेवून अर्धवटच निघतो. वर्णमालेत 29 अक्षरे. शेवटची तीन खास तिकडची. त्यांतला एक स्वर ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हटल्यासारखा येतो. 1938 साली मुंबईत ‘लार्सन अँड टुब्रो’ उभी करणाऱ्या दोन डॅनिश अभियंत्यांपैकी सोरेन टुब्रो यांच्या पहिल्या नावात हाच स्वर आहे. आपण त्याचा सरळ ‘ओ’ करून टाकतो.

खरी गंमत आकड्यांत आहे. डॅनिशमध्ये पन्नासला ‘हालट्रेस’ म्हणतात. हा एका लांबलचक शब्दाचा संक्षेप असून त्याचा अर्थ ‘अर्धा-तिसरा वेळा वीस’. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्यातला अर्धा. अडीच विसा पन्नास. साठ म्हणजे ‘ट्रेस’, तीन विसा. सत्तर ‘हालफ्येर्स’, अर्धा-चौथा, म्हणजे साडेतीन विसा. ऐंशी ‘फीर्स’, चार विसा. नव्वद ‘हालफेम्स’, साडेचार विसा. शेजारचे स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकही या हिशेबापुढे गोंधळतात.

मराठी माणसाने गोंधळायचे कारण नाही. आपला ‘अडीच’ संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ या शब्दावरूनच आला, म्हणजे अर्धा-तिसराच. साडेतीनचा जुना शब्द ‘औट’ हा ‘अर्धचतुर्थ’ची झीज होऊन झालेला, ‘औट घटकेचे राज्य’ म्हणताना आपण तो अजून वापरतो. जुन्या शाळांतून अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत. डॅनिश माणूस तीच औटकी विसाला लावतो आणि सत्तर म्हणतो. पंचाहत्तर म्हणताना आपण आधी पाच आणि मग सत्तर म्हणतो. तोही तसेच म्हणतो, ‘फेम-ओ-हालफ्येर्स’, पाच आणि सत्तर.

घड्याळातही हेच सूत्र. ‘हाल ट्रे’ला भेटू, असे ठरले तर ती वेळ अडीचची. इंग्रजी ‘हाफ थ्री’च्या सवयीने तिचे साडेतीन समजणारा पाहुणा तासभर उशिरा पोहोचतो.

या हिशेबाचा सराव सुपरमार्केटमध्ये फुकट होतो. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीवर ‘पान्ट’ नावाची अनामत असते. बाटलीवरच्या चिन्हात ए, बी किंवा सी अक्षर असते. त्यानुसार एक, दीड किंवा तीन क्रोन. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात सरकवली की ते ती फिरवून चिन्ह वाचते. मग बटण दाबून पावती घ्यायची आणि गल्ल्यावर वटवायची. त्या दीड क्रोनला डॅनिश माणूस ‘हालआनन’ म्हणतो, अर्धा-दुसरा.

पाट्यांवरचे मोजके शब्द ओळखता आले की स्टेशनवर धावपळ होत नाही. ‘स्पोर’ म्हणजे रूळ, फलाटाचा क्रमांक त्याच्यापुढे लिहिलेला असतो. ‘इन्गाङ’ म्हणजे प्रवेश, ‘उद्गाङ’ म्हणजे बाहेर जाण्याची वाट; यातला ‘उद्’ आपल्या ‘उद्गम’मधल्या ‘उद्’चा लांबचा भाऊबंद आहे. दारावर ‘स्कुब’ असेल तर ढकलायचे. ‘स्यूकलस्टी’ ही सायकलींची वाट असते, तिच्यावर उभे राहून फोटो काढू नयेत. मागून सायकलींचा लोंढा वेगाने येत असतो. अडचणीत ‘येल्प’ अशी हाक मारावी आणि 112 फिरवावा.

कुणाच्या घरी जेवायचा योग आला, तर ताटावरून उठताना ‘टाक फॉर मॅद’ म्हणायचे, जेवणाबद्दल आभार. यजमान ‘व्हेल्बेकॉम’ म्हणतात. पुढे त्यांच्याशी पुन्हा गाठ पडली की पहिले वाक्य असते ‘टाक फॉर सिस्ट’, मागच्या भेटीबद्दल आभार. हे वाक्य परक्या माणसाच्या तोंडून सहसा अपेक्षित नसते, म्हणून तेवढे तरी जरूर पाठ करावे.