जुना लॅपटॉप आणि तुटणारी जोडणी

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील रहाटणी येथे आज बहुमजली इमारतींची दाटी झाली आहे. अशा इमारतीत सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप उघडला असता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बिनतारी जोडण्यांची लांबलचक यादी पडद्यावर दिसते. स्वतःच्या घरातील जोडणी मात्र वारंवार तुटते. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना असे घडले, तर विद्यार्थ्याचे श्रम वाया जातात आणि नव्या लॅपटॉपच्या खर्चाचा विषय घरात निघतो. हा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे तपासून पाहणे इष्ट होय.

त्यासाठी प्रथम लॅपटॉप तारेने राऊटरला जोडून पाहावा. तारेवरही जोडणी तुटत असेल, तर दोष बहुधा बाहेरील वाहिनीत किंवा राऊटरमध्ये आहे. तारेवर सुरळीत आणि बिनतारी जोडणीवर खंडित, असा अनुभव आल्यास लक्ष घरातील लहरींकडे व लॅपटॉपकडे वळवावे.

पुष्कळ जुन्या लॅपटॉपांना केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरता येतो. हा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. त्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच : १, ६ आणि ११. दाट वस्तीत अनेक राऊटर त्याच वाहिन्यांवर बोलतात. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात गोंगाट करते. राऊटरची वाहिनी या तिघांपैकी कमी गर्दीची निवडावी. १२ व १३ या वाहिन्या काही जुन्या यंत्रांना दिसतच नाहीत. राऊटर लोखंडी कपाटामागे ठेवण्याची सवयही सोडावी. राऊटर नवा असून केवळ डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धती चालू असेल, तर जुने यंत्र जोडलेच जात नाही. तेथे डब्ल्यूपीए-२ सह मिश्र पद्धती ठेवावी लागते.

लॅपटॉपचा पडदा पुढेमागे केल्यावर जोडणी येते-जाते काय, हेही पाहावे. बहुतेक लॅपटॉपांत लहरी घेणाऱ्या तारा बिजागरीतून पडद्याच्या चौकटीत नेलेल्या असतात आणि वर्षानुवर्षांच्या उघडझापीने त्या झिजतात. अशा वेळी यूएसबीला लावावयाचे लहान बिनतारी उपकरण पुरेसे ठरते. वीजबचतीच्या व्यवस्थेत बिनतारी कार्ड झोपी जात असेल, तर ती सोय बंद करावी.

एक दोष मात्र हमखास चकवतो. जोडणी आहे असे यंत्र सांगते, पण शासकीय संकेतस्थळ उघडत नाही. लॅपटॉपमधील लहानसा सेल संपला की घड्याळ काही वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ठराविक मुदत असते. चुकीच्या तारखेमुळे ते अद्याप लागू झाले नसल्याचे यंत्राला वाटते आणि ते संकेतस्थळ नाकारते. तारीख दुरुस्त करताच काम चालू होते. सेल बदलल्यावर ते चालू राहते.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील जुन्या यंत्रालाही हीच तपासणी लागू पडते. बाहेरील वाहिनीच दोषी ठरल्यास जोडणी तुटल्याच्या वेळा आठवडाभर वहीत टिपून ठेवाव्यात व तक्रारीसोबत द्याव्यात. तारेवरही हाच अनुभव आला, हे त्यात आवर्जून लिहावे.