घरगुती मत्स्यपेटीसाठी डबाबंद गाळणीची निवड

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील खेड्यांत गप्पी मासा आता कोणालाही अपरिचित राहिलेला नाही. डासांच्या अळ्या खाणारा हा मासा आरोग्य खात्याच्या मोहिमांतून साठवणीच्या टाक्यांत व डबक्यांत सोडला जातो. त्याच्याच कुळातील मोली व प्लॅटी, तसेच गोल्डफिश इत्यादी शोभेचे मासे काचेच्या टाकीत पाळण्याची हौस मोठ्या गावांतील घरांपासून शेतावरील वस्त्यांपर्यंत पोहोचली आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारी शोभिवंत मासे वाढविण्याच्या लहान केंद्रांचाही समावेश करण्यात आला. त्यामुळे या हौसेकडे जोडधंद्याच्या दृष्टीनेही पाहिले जाऊ लागले.

या कामात नवख्या माणसाचे नुकसान होते ते बहुधा माशांच्या रोगाने नव्हे, तर पाण्याने. टाकीतील पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असताही मासे एकामागून एक मरू लागतात. मग दुकानदाराच्या सल्ल्याने मोठी व महाग गाळणी आणली जाते, आणि तरीही मासे मरतातच. गाळणी कोणते काम करते हे न समजता केलेली खरेदी हे याचे मुख्य कारण होय. बाजारात कॅनिस्टर फिल्टर या नावाने मिळणारी डबाबंद गाळणी घेण्याचा विचार असेल, त्याने पुढील गोष्टी ध्यानात घेणे हिताचे ठरेल.

गाळणीचे खरे काम

ही गाळणी म्हणजे घट्ट झाकणाचा एक डबा असून तो टाकीबाहेर, सामान्यतः टाकीखालील कपाटात ठेवतात. एका नळीवाटे टाकीतील पाणी डब्यात उतरते. तेथे ते स्पंज, पांढरा कापूस आणि चिनी मातीच्या सच्छिद्र कड्या यांच्या थरांतून जाते व झाकणातील लहान पंपाच्या साहाय्याने दुसऱ्या नळीने टाकीत परत येते. अशा गाळण्या जर्मनीत १९६० च्या दशकात प्रचारात आल्या. आज त्या सातारा, कराड व सांगली येथील मत्स्यपेट्यांच्या दुकानांतही मागवून मिळतात.

पाण्यातील घाण अडविणे हे गाळणीचे वरवरचे काम आहे. तिचे खरे काम शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे, कारण तेच काम त्याच्या जमिनीत अहोरात्र चालू असते. शेतात अमोनियम सल्फेट टाकले असता जमिनीतील जिवाणू त्यातील अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून टाकीत अमोनियाच तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. नायट्राइटही विषारी. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत निरुपद्रवी असते. गाळणीतील स्पंजावर व कड्यांवर वाढणारे जिवाणू हे रूपांतर घडवून आणतात. सबब, डबाबंद गाळणी विकत घेणे म्हणजे या जिवाणूंना घर बांधून देणे होय.

जमिनीतील जिवाणूंना जसा वाफसा लागतो, तशीच गाळणीतील जिवाणूंना वाहत्या पाण्यातून येणारी प्राणवायूची जोड लागते. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस व मिरज या तालुक्यांत अतिपाण्याने पाणथळ झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हवा कोंडली म्हणजे काय होते हे सांगावयास नको. गाळणीच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

पहिले सहा आठवडे

नव्या गाळणीत जिवाणू नसतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. गाळणी बसविल्याच्या दुसऱ्या दिवशी वीस मासे आणून सोडणे म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी कापणीस जाण्यासारखे आहे. आरंभी दोन-चार काटक मासे सोडावेत, खाद्य अगदी थोडे द्यावे आणि दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलावे. कोणाच्या जुन्या व निरोगी टाकीतील वापरलेल्या स्पंजाचा तुकडा मिळाल्यास तो नव्या डब्यात ठेवावा. विरजणाप्रमाणे त्याचा उपयोग होऊन हा काळ पुष्कळ कमी होतो.

गाळणीचा आकार कसा ठरवावा

प्रथम टाकीतील पाण्याचे माप काढावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी दोन घनफूट भरते. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणून या टाकीचे माप ५६ लिटर झाले. तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास राहते. तासाभरात टाकीतील सर्व पाणी चार ते पाच वेळा गाळणीतून फिरावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. या हिशेबाने वरील टाकीस ताशी १८० ते २२५ लिटर प्रवाह पुरेसा होतो.

मात्र खोक्यावर छापलेला आकडा रिकाम्या डब्याचा असतो. स्पंज व कड्या भरल्यावर, नळ्यांची वळणे व चढाव यांमुळे प्रवाह बराच घटतो आणि घाण साचत जाईल तसा आणखी घटतो. यास्तव छापील आकडा गरजेच्या सुमारे दीडपट असावा. वरील टाकीसाठी ताशी ३०० ते ३५० लिटरची गाळणी योग्य ठरते. प्रत्यक्ष प्रवाह मोजणे सोपे आहे. परतीच्या नळीखाली पाण्याच्या पातळीवर एक लिटरचे माप धरावे. ते पंधरा सेकंदांत भरल्यास प्रवाह ताशी २४० लिटर आहे असे समजावे.

मोठी गाळणी केव्हाही चांगली, हा समज बरोबर नाही. माशाचा स्वभाव पाहिला पाहिजे. गप्पी, फायटर व लांब शेपटीचे गोल्डफिश यांना जोराचा प्रवाह सोसत नाही. उलट, सह्याद्रीतील वाहत्या पाण्यातील मासे स्थिर पाण्यात मलूल होतात. सातारा जिल्ह्यातील वेण्णा नदीतल्या एका लहान माशाचे वर्णन सायलस या शास्त्रज्ञांनी १९५३ साली केले व त्यास सह्याद्रीवरूनच नाव दिले. पेथिया सह्याद्रिएन्सिस या नावाने तो आज ओळखला जातो व हौशी लोकांत त्याला मागणी असते. असे मासे ओढ्यानदीतून पकडून आणू नयेत. त्यांचे क्षेत्र मर्यादित आहे आणि गप्पीच्या टाकीतील संथ पाणी त्यांना मानवतही नाही.

माशांची संख्या ही दुसरी कसोटी होय. गोल्डफिश पुष्कळ खातो व पुष्कळ घाण करतो. त्याच्या टाकीस प्रवाहापेक्षाही जिवाणूंना राहण्यास जागा अधिक लागते. म्हणून दोन गाळण्यांचा प्रवाह सारखा असल्यास ज्या डब्यात कड्या व स्पंज अधिक मावतात, ती गाळणी घ्यावी.

गावचे पाणी

पश्चिमेकडील जावळी, पाटण व महाबळेश्वर या तालुक्यांतील झऱ्यांचे व नद्यांचे पाणी बहुधा हलके असते. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी व जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत विंधन विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड व अल्कधर्मी आढळते. या फरकाचा माशांच्या जिवाशी संबंध आहे. पाण्याचा सामू ७ असता व तापमान २५ अंश असता एकंदर अमोनियापैकी विषारी रूपातील भाग शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो. सामू ८ झाल्यास तोच भाग शेकडा पाचांवर जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीत जतच्या टाकीतील माशास पाटणच्या टाकीतील माशापेक्षा दसपट विष सोसावे लागू शकते. जड पाण्याच्या गावी मासे कमी ठेवावेत व गाळणीत कड्या अधिक भराव्यात. अशा टाकीत शिंपले किंवा चुनखडीचे खडे घालू नयेत.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात ती याच कारणासाठी. पिण्याच्या पाण्यात ती आवश्यकच आहे, परंतु गाळणीतील उपयुक्त जिवाणूंचाही तिने नाश होतो. टाकीत घालावयाचे पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे.

वीज गेली असता

डबाबंद गाळणीचा मोठा दोष येथे आहे. वीज जाताच डब्यातील पाणी जागीच थांबते. झाकण बंद असल्याने बाहेरची हवा आत येत नाही आणि आतील जिवाणू उरलेला प्राणवायू काही तासांत संपवितात. डबा पाणथळ जमिनीसारखा होतो, जिवाणू मरू लागतात व साचलेली घाण कुजते. वीज आल्यावर पंप आपोआप चालू होतो आणि हे कुजके पाणी एकदम टाकीत येऊन पडते. रात्री वीज गेली व पहाटे आली अशा वेळी सकाळी सर्व मासे मेलेले दिसतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

अर्धा-पाऊण तास वीज गेल्यास काही करण्याची जरुरी नाही. दोन-तीन तासांहून अधिक काळ वीज येणार नसेल तर प्लग काढून ठेवावा, झाकण उघडावे आणि स्पंज व कड्या टाकीच्याच पाण्याने ओल्या ठेवून पसरट भांड्यात हवेवर ठेवाव्यात. माशांना खाद्य देऊ नये. तांब्याने टाकीतील पाणी घेऊन थोड्या उंचीवरून परत सोडत राहिल्यास पाण्यात हवा मिसळते. वीज आल्यावर डब्यातील शिळे पाणी फेकून द्यावे, स्पंज टाकीच्या पाण्यात हलके पिळून घ्यावा व मगच पंप चालू करावा. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या पूरग्रस्त भागांत वीजपुरवठा बंद ठेवावा लागला होता. नदीकाठच्या कुटुंबांनी बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरी ठेवावा.

डबाबंद गाळणी की स्पंजाची गाळणी

ज्या वस्तीवर दिवसातून अनेक तास वीज नसते, तेथे डबाबंद गाळणी घेऊच नये. हवेच्या पंपावर चालणारी साधी स्पंजाची गाळणी टाकीतच असते. वीज गेली तरी तिच्याभोवती टाकीतील पाणी राहते व तिच्यातील जिवाणू अधिक काळ तग धरतात. गप्पी व मोली यांची पिले वाढविणाऱ्यासही तीच सोयीची, कारण डबाबंद गाळणीच्या नळीत पिले ओढली जातात. डबाबंद गाळणी असल्यास शोषनळीच्या तोंडावर स्पंजाचे टोपण बसवावे.

विजेचा हिशेबही पाहावा. बारा वॅटचा पंप अहोरात्र चालल्यास महिन्यास सुमारे साडेआठ युनिट वीज लागते. चार वॅटच्या हवेच्या पंपास तीन युनिटांहून थोडी कमी लागते. एका टाकीस हा फरक लहान आहे. दहा टाक्यांच्या केंद्रास तो लहान नाही. वीज भरवशाची आहे, टाकी शंभर लिटरच्या पुढची आहे किंवा गोल्डफिश पाळावयाचे आहेत, अशा ठिकाणी मात्र डबाबंद गाळणी आपली किंमत भरून काढते.

खरेदी व निगा

खरेदीपूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. झाकणाखालील रबरी कडे सुटे मिळते काय, नळ्यांना पाणी बंद करण्याच्या चाव्या आहेत काय, पंपाचा फिरता भाग सुटा मिळतो काय आणि डबा पाण्याच्या पातळीपासून किती खाली ठेवता येतो. रबरी कड्यास सिलिकॉनचे वंगण लावावे. विजेची तार बटणाच्या पातळीखाली झोल देऊन न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी बटणात न जाता झोलापाशी खाली गळते. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

प्रवाह मंदावला म्हणजे, किंवा चार ते सहा आठवड्यांनी, डबा उघडावा. स्पंज व कड्या टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्याव्यात. नळाखाली साबणाने लख्ख धुतलेली गाळणी म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसावर आलेली गाळणी होय. सर्व थर एकाच वेळी बदलू नयेत. गाळणी नायट्रेट काढून टाकीत नाही, म्हणून दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणे चालूच ठेवावे. मीठ किंवा औषध घातलेले नसल्यास हे पाणी परसबागेतील भाजीस घालावे. त्यातील नायट्रेट तेथे खतासारखे उपयोगी पडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवीन केंद्र सुरू करणाऱ्या कुटुंबास गाळणीच्या किमतीआधी तीन प्रश्न विचारावेत. घरी वीज सलग किती तास असते, पाणी कोठले आहे आणि मासे कोणते व किती ठेवावयाचे आहेत? या तिन्हींची उत्तरे मिळाली म्हणजे कोणती गाळणी घ्यावी हे बहुतेक ठरूनच जाते. माशांच्या जाती, बीज व योजनांविषयीची माहिती सातारा व सांगली येथील मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयांत मिळू शकेल.