खोली भाड्याने घेण्याआधी

पुण्यातलं भाडं झेपत नाही म्हणून बारामतीत शिकायला किंवा एमआयडीसीत कामाला येणारे बरेच आहेत. कॉलेजजवळ भाडं चढं. काटफळ, इंदापूर, भिगवणकडे खोली स्वस्त पडते, पण रोजच्या एसटीचा किंवा पेट्रोलचा खर्च त्यात मिळवूनच हिशेब करा.

खोली पाहताना विजेचं सबमीटर वेगळं आहे का, पाणी किती वाजता येतं, दाराला आतून कडी आहे का, हे बघा.

तोंडी व्यवहार नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, खोटं ठरवायचं काम मालकाचं. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के: महिना 5,000 भाडं, 20,000 अनामत, अकरा महिने, तर दोनशेच्या आत. नोंदणी फी शहरात 1,000, गावात 500.

अनामत ऑनलाइन किंवा पावती घेऊनच द्या. ताबा घेताना भिंती, नळ, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. सोडताना अनामतीतून होणारी कापाकापी टळते.