शक्ती आणि शिस्त : यामाहा व्ही-मॅक्सची गोष्ट

दुचाकी घ्यायची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" या प्रश्नाचा विचारही न करता जपानच्या यामाहा कंपनीने १९८५ मध्ये, मुख्यत्वे अमेरिकन ग्राहकांसाठी, एक मोटारसायकल आणली. तिचे नाव व्ही-मॅक्स. क्रूझर म्हणजे लांब बांध्याची, बुटक्या आसनाची, ऐसपैस बसून चालवायची गाडी. तिला शर्यतीच्या गाडीचे बळ देणाऱ्या 'पॉवर क्रूझर' प्रकारात व्ही-मॅक्सचे स्थान अग्रगण्य आहे.

इंजिनाची किमया

प्रकल्पप्रमुख अकिरा अराकी यांच्या चमूने कंपनीच्याच 'व्हेंचर' या प्रवासी गाडीचे इंजिन निवडले. १,१९८ सीसीचे, 'व्ही' आकारात मांडलेल्या चार सिलिंडरांचे हे इंजिन सुधारून सुमारे १४५ अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आले. त्यातील कळीची योजना म्हणजे 'व्ही-बूस्ट'. एरवी प्रत्येक सिलिंडरला एकच कार्बुरेटर मिश्रण पुरवी. इंजिनाचे फेरे मिनिटाला ६,००० झाले, की पुढच्या व मागच्या सिलिंडरांचे पुरवठामार्ग जोडणाऱ्या झडपा उघडू लागत. सिलिंडर आळीपाळीने मिश्रण ओढत असल्याने प्रत्येकाला दोन कार्बुरेटरांचा लाभ मिळे. त्यामुळे गावात संयत वाटणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर अकस्मात झेपावे.

रचनाही निराळी होती. पेट्रोलची टाकी आसनाखाली होती, तर टाकीसारख्या दिसणाऱ्या भागात हवा गाळण्याची सोय होती. इंजिनाच्या दोन्ही बाजूंची हवेची भव्य मुखे मात्र केवळ शोभेची होती!

उणीव आणि उत्तर

सरळ रस्त्यावर अजिंक्य वाटणारी ही गाडी वेगात वळण घेताना डुलू लागे. इंजिनाच्या ताकदीपुढे पोलादी नळ्यांची चौकट आणि पुढचा फोर्क अपुरा पडत असे. चालकाच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हती. येथे प्रश्न जिवाचा होता. १९९३ मध्ये फोर्कची जाडी ४० वरून ४३ मिलिमीटर करण्यात आली, ब्रेकही सुधारले. मूळ चौकट मात्र २००७ पर्यंत, उत्पादन थांबेपर्यंत, जवळपास तशीच राहिली.

२००९ च्या नव्या व्ही-मॅक्समध्ये १,६७९ सीसीचे, सुमारे २०० अश्वशक्तीचे इंजिन आले. पण या वेळी शक्तीबरोबर तिला पेलणारी व्यवस्थाही आली : ॲल्युमिनियमची भक्कम चौकट, ५२ मिलिमीटरचा फोर्क आणि चाके जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेकयंत्रणा. बाजूची मुखेही आता शोभेची न राहता इंजिनाला खरोखरच हवा पुरवू लागली.

आज या गाडीचे उत्पादन होत नाही. तिचा इतिहास मात्र एक साधे सूत्र सांगतो : सामर्थ्य वाढविताना ते पेलणारी चौकट आणि आवरणारे ब्रेकही त्याच प्रमाणात वाढवावे लागतात. यामाहाला या गाडीत हा मेळ पूर्णपणे साधायला जवळजवळ पाव शतक लागले.